वस्तीतल्या आरक्षित भूखंडावर १२ ते १७ च्या मुलांसाठी काय उभारावं? (प्रश्न व्यसनाचा आहे)

रहिवासी_समिती

नमस्कार. तीन सोसायट्या, एक चाळ आणि नाल्यापलीकडची वस्ती यांच्या मध्ये खेळासाठी आरक्षित असलेला ३४ मीटर × २२ मीटरचा भूखंड आहे. पालिकेने त्यावर मागे ओपन जिमची आठ यंत्रं बसवली, त्यातली पाच जाम झाली आहेत. बाकी जागेत गवत आणि राडारोडा. मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीची भिंत आहे आणि तिच्या आडोशाला संध्याकाळी सात-आठ मुलं बसतात. सकाळी तिथे पंक्चर सोल्युशनच्या चेपलेल्या ट्यूबा, प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या आणि माव्याच्या पुड्या सापडतात. मुलं १३ ते १६ वयाची आहेत, आणि सगळी एकाच वस्तीतली नाहीत.

परिसरात या वयाची साधारण ७० मुलं-मुली आहेत. एकरकमी ६ लाख उभे राहतील, दरमहा वर्गणीतून १५ हजारांची सोय होईल. बैठकीत तीन मतं आली: बॉक्स क्रिकेटचं टर्फ, नवी ओपन जिम, किंवा कॅरमसह बंदिस्त खोली. त्याशिवाय कॅमेरे लावा आणि व्यसनमुक्तीवर मोठं व्याख्यान ठेवा, असंही सुचवलं गेलं.

जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं: काय बांधायचं, कशावर पैसे घालवायचे नाहीत, आणि भिंतीआड बसणाऱ्या मुलांचं काय करायचं?

---

क्रीडाशिक्षक_सोलापूर

तिन्ही पर्यायांत पैसा वस्तूवर जातो, माणसावर जात नाही. इथेच गाडं अडतं. तुमच्या ६ लाखांतले निम्म्याहून जास्त बांधकामात घालू नका. उरलेले दोन वर्षांच्या मानधनाला आधार म्हणून बाजूला ठेवा. रोज ठरल्या वेळी शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूस नसेल तर नवं मैदान म्हणजे बसायला नवी जागा, एवढंच होतं.

टर्फबद्दल आधी. बॉक्स क्रिकेटमध्ये एका वेळी १२-१४ जण खेळतात, बाकीचे जाळीबाहेर थांबतात. टर्फचा खर्च भरून काढायला ते भाड्याने द्यावं लागतं, भाडं देणारे २० ते ३० वयाचे असतात आणि त्यांना रात्री ९ नंतरची वेळ हवी असते. महिन्याभरात तुमची १४ वर्षांची मुलं त्या जाळीबाहेर मोठ्यांच्या घोळक्यात उभी दिसतील. ज्या घोळक्यापासून त्यांना दूर ठेवायचं, तोच आपण पैसे घालून दाराशी आणलेला असतो.

ओपन जिमची यंत्रं मोठ्या माणसांच्या मापाची असतात. १२-१३ वर्षांच्या मुलांचे पाय नीट टेकत नाहीत, दोघं-तिघं एकावर लोंबकळतात, बेअरिंग जातं, सांध्यात बोटं चेमटतात. शिवाय त्यात खेळ नाही, गडी नाही, पाळी नाही. तीन चालू यंत्रं ज्येष्ठांसाठी पुढच्या कोपऱ्यात हलवा, पाच काढून टाका.

तुमच्या मापात खो-खोचं पूर्ण मैदान बसतं. मैदान २७ × १६ मीटर, भोवती दीड मीटरची मोकळी पट्टी धरून ३० × १९. चारही बाजूंनी दीड-दोन मीटर तरीही उरतात. त्याच जमिनीवर १३ × १० चं कबड्डीचं आणि १८ × ९ चं व्हॉलीबॉलचं मैदान आखता येतं. खो-खो का, तर नऊ जण पाठलागावर आणि तिघातिघांची तुकडी बचावाला, अशा तीन तुकड्या, म्हणजे एका डावात १८ मुलं खरोखर गुंततात. साहित्य म्हणजे दोन खांब. खेळ येत नसला तरी पहिल्या दिवशी पाठलाग करणाऱ्यांच्या रांगेत बसता येतं. नवख्या मुलाला लगेच जागा मिळणं फार महत्त्वाचं आहे. क्रिकेटमध्ये नवखा मुलगा सीमेवर उभा राहतो आणि तिथून निघून जातो.

कबड्डीत आणखी एक सोय आहे. दम धरून 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं तर तोंड रिकामं लागतं. 'चूळ भरल्याशिवाय मैदानात पाय नाही' हा नियम सगळ्यांना सारखा लावा, प्रशिक्षकालाही. नळ प्रवेशाजवळ बसवा. कोणाच्या तोंडात काय आहे हे विचारायची वेळच येत नाही, थुंकणंही थांबतं.

वेळ ठरवायच्या आधी शिकवण्यांच्या वेळा विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी १२ ते १४ ची तुकडी साडेपाच ते पावणेसात आणि १५ ते १७ ची पावणेसात ते सव्वाआठ अशी बसते. आठवड्यात सहा दिवस. रविवार बंद ठेवू नका, सुट्टी सोमवारी द्या. रविवारची संध्याकाळ मोकळी सुटली तर मुलं पुन्हा भिंतीकडेच वळतात.

---

स्थापत्य_नाशिक

मैदानाचं काम कसं करून घ्यायचं ते सांगतो, कारण ठेकेदार सरसकट पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट सुचवतो. खो-खो आणि कबड्डीला ते चालत नाही. गुडघे, कोपरं सोलतात आणि पहिल्या आठवड्यात मुली येणं बंद करतात.

राडारोडा काढून जमीन १५ सेंटीमीटर खरवडा. ३० × १९ मीटर म्हणजे ५७० चौरस मीटर. त्यावर दाबून १० सेंटीमीटर मुरूम हवा, म्हणजे ५७ घनमीटर, साधारण २० ब्रास. मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून सैल माल २५ ब्रास मागवा. वर ५ सेंटीमीटर चाळलेली लाल माती, दाबून १० ब्रास, सैल १२-१३. माती ५ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून घ्या. हे काम ठेकेदार हमखास टाळतो आणि मग खडे वर येतात. काळी माती अजिबात नको, पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. कबड्डीच्या भागात वरच्या थरात चाळलेलं कुजलेलं शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळला की जमीन मऊ राहते.

उतार मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १०० ला १. म्हणजे मध्यभाग कडेपेक्षा साडेनऊ सेंटीमीटर उंच. खेळताना जाणवत नाही, पाणी मात्र साचत नाही. दोन्ही लांब कडांना ३० सेंटीमीटर रुंदीची चर, तळाशी उतार, वर जाळी. ही चर न केल्यामुळेच बहुतेक मातीची मैदानं पहिल्या पावसाळ्यात वाया जातात.

खो-खोचे खांब जमिनीवर १२० सेंटीमीटर, व्यास ९-१० सेंटीमीटर, गुळगुळीत, कुठेही धार नको. व्हॉलीबॉलचे २.५५ मीटर. दोन्हींसाठी जमिनीत ६० सेंटीमीटर खोल लोखंडी नळीची खोबण काँक्रीटमध्ये बसवा आणि वर मातीशी समपातळीत झाकण द्या. खांब काढून ठेवता आले पाहिजेत, नाहीतर कबड्डीत कोणीतरी आपटतं. व्हॉलीबॉलची जाळी मुलांसाठी २.४३ आणि मुलींसाठी २.२४ मीटर असते, १४ खालच्यांना त्याहून खाली बांधा. सुरुवातीला सगळे चेंडू जाळीत गेले तर कोणी परत येत नाही.

उजेड: ६ ते ८ मीटर उंचीचे चार खांब, प्रत्येकी १५० वॅटचा एलईडी झोत. एवढ्या क्षेत्रावर ५० लक्सच्या आसपास उजेड मिळतो, खो-खो आणि कबड्डीच्या सरावाला तो पुरतो. व्हॉलीबॉल नियमित खेळणार असाल तर सहा झोत बसवा, चेंडू वर दिसायला ७५ लक्स लागतो. झोत खाली कललेले ठेवा, समोरच्या घरांच्या खिडक्यांत उजेड गेला की आठवड्यात तक्रार येते. ६०० वॅट रोज अडीच तास म्हणजे दीड युनिट, महिन्याला ४५ युनिटच्या आत. वीज महाग पडेल ही भीती सोडा.

आता तुमची भिंत. टाकीची भिंत पाडता येत नसेल, पण आडोसा मोडता येतो. मागची कंपाउंड भिंत भरीव असेल तर ९० सेंटीमीटरच्या वरचा भाग काढून तिथे जाळी लावा, म्हणजे रस्त्यावरून आरपार दिसेल. पाचवा छोटा दिवा त्या कोपऱ्यावर. आणि पाण्याचा नळ आणि साहित्याची पेटी तिथेच, टाकीशेजारी बसवा. क्रीडाशिक्षकांनी नळ प्रवेशाजवळ सांगितला आहे, तो असू द्या, पण दुसरा इथे हवा. दर दहा मिनिटांनी कोणीतरी पाणी प्यायला येत असेल तर तो कोपरा आपोआप वहिवाटीचा होतो. कॅमेऱ्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि जास्त चालतं. कॅमेरा लावला की मुलं फक्त वीस पावलं पुढे सरकतात, नाल्याच्या पुलाखाली, आणि तिथे ती कोणालाच दिसत नाहीत.

पावसाळ्याचा विचार आत्ताच करा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत माती अर्धे दिवस खेळायच्या लायक नसते आणि तीन महिने खंड पडला की मुलं तुटतात. समाजमंदिर किंवा शाळेचा व्हरांडा त्या काळासाठी लेखी मागून ठेवा. टेबल टेनिसचं टेबल २.७४ × १.५२५ मीटर असतं, भोवती धरून ८ × ५ मीटर जागा लागते. दोन कॅरम, दोन बुद्धिबळ, एक टेबल, आणि दोरीच्या उड्या. एवढ्यावर २५ मुलं गुंततात.

---

समुपदेशन_पुणे

वरचं सगळं पटलं. माझा भर एका गोष्टीवर आहे, कारण समित्या नेमकी तीच सोडून देतात.

स्वीडनमध्ये गावोगावी युवक केंद्रं आहेत: बिलियर्ड, टीव्ही, गप्पा, मुलांनी यावं आणि मनाला येईल ते करावं. २००० साली १४ वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ठरलेली वेळ, शिकवणारा प्रौढ आणि कौशल्य असलेल्या उपक्रमांत जाणाऱ्या मुलांमध्ये समाजविघातक वागणं कमी दिसलं. अशा मोकळ्या केंद्रांत जाणाऱ्यांमध्ये ते उलट जास्त दिसलं. म्हणून कॅरमची बंदिस्त खोली एकटी उभारू नका. खोली, कुलूप, किल्ली एखाद्या मोठ्या मुलाकडे आणि आत कोणी जबाबदार माणूस नाही, ही मांडणी धोक्याची आहे. स्थापत्य यांनी सांगितलेली पावसाळ्यातली खोली चालेल, पण त्याच वेळापत्रकात आणि त्याच प्रशिक्षकासह.

१५ हजारांतले किमान १२ हजार मानधनाला ठेवा. एक मुख्य प्रशिक्षक आणि एक सहायक, दोघांपैकी एक स्त्री. २० ते २५ मुलांमागे एक प्रौढ. दोघांचीही पोलीस पडताळणी करून घ्या. कोणताही प्रौढ एकट्या मुलासोबत बंद जागेत थांबणार नाही, हा नियम लेखी करा आणि पालकांना वाचून दाखवा. प्रशिक्षक स्वतः मैदानावर तंबाखू खात असेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. मानधन देताना ही अट आधी घाला.

हजेरीवही ठेवा. नाव, वय, शाळा, पालकाचा फोन. ओळखपत्र किंवा फी मागू नका. वस्तीतलं मूल तिथेच गळतं, आणि गरज त्यालाच जास्त असते. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी प्रशिक्षकाने जाऊन यायचं. 'दिसला नाहीस, बरा आहेस ना?' एवढं विचारून परत. रागवायचं नाही. माझ्या मते तुमच्या सगळ्या योजनेतलं सर्वांत मोलाचं काम हेच आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

मोठं व्याख्यान रद्द करा. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला 'डेअर' कार्यक्रम शाळाशाळांतून पोलिसांची व्याख्यानं द्यायचा. अनेक मूल्यमापनांत त्याचा टिकाऊ परिणाम दिसला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थविषयक कार्यालयाने प्रतिबंधाची जी आंतरराष्ट्रीय मानकं काढली आहेत, त्यांतही भीती घालणं आणि सुटलेल्या व्यसनी माणसाची कहाणी ऐकवणं या पद्धती निरुपयोगी ठरल्याचं म्हटलं आहे. ऐकणाऱ्या मुलाला त्यातून एवढंच उरतं की हा माणूस इतकं करूनही शेवटी सुटला.

आता भिंतीआडची मुलं. नीट वाचा, यात जिवाचा प्रश्न आहे.

सोल्युशन, थिनर, व्हाइटनर यांची वाफ ओढलेल्या मुलाचं हृदय काही वेळ अतिशय संवेदनशील झालेलं असतं. अशा वेळी तो दचकला किंवा जोरात पळाला तर हृदयाचे ठोके अचानक बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो. अगदी पहिल्या वेळी सुद्धा. म्हणून धाड घालायची नाही, ओरडायचं नाही, पाठलाग करायचा नाही, 'चल पळ मैदानाला दोन चकरा' अशी शिक्षा तर नाहीच. शांतपणे जवळ जा, हातातली पिशवी खाली ठेवायला सांगा, मोकळ्या हवेत बसवा, सोबत थांबा. गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा. हाकेला ओ देत नसेल तर १०८ ला फोन. त्या दिवशी त्याला खेळायला घेऊ नका, दुसऱ्या दिवशी मात्र नक्की बोलवा.

हा प्रकार किरकोळ नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आणि प्रौढांत ०.५८ टक्के आढळलं. मुलांमध्ये प्रौढांपेक्षा जास्त असलेला हा एकमेव पदार्थ होता. आणि तंबाखू फार लवकर येतो: २०१९ च्या शालेय पाहणीत धूरविरहित तंबाखू सुरू करण्याचं मध्यक वय (निम्म्या जणांनी त्याआधीच सुरू केलेलं) ९.९ वर्षं निघालं. तुमची १२ ची वयोमर्यादा त्यासाठी उशिराची आहे. ९-१० वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस लंगडी आणि डॉजबॉलसाठी घ्या.

सहा महिन्यांतून एकदा दंतवैद्य बोलवा. एक साधी चाचणी मुलं स्वतः करू शकतात: आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायची. तीन जात नसतील, तिखट लागल्यावर आग होत असेल, गालाच्या आत पांढुरके कडक पट्टे असतील, तर दंतवैद्याकडे लगेच. सुपारीने होणारा हा आजार आहे, तंबाखू नसलेल्या गोड सुगंधी सुपारीनेही होतो. घरोघरी ती निरुपद्रवी समजली जाते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मदतीसाठी: १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन, १०९८ मुलांसाठी, तंबाखू सोडायला १८००-११-२३५६. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. पुण्याच्या आसपास असाल तर मुक्तांगण १९८६ पासून काम करतं आहे. घरच्यांशी बोलताना मुलाला आधी सांगून बोला. त्याच्या मागे जाऊन सांगितलं तर तो मैदानही सोडतो.

---

रहिवासी_समिती

मनापासून आभार. दोन अडचणी. एक, काही सभासद म्हणतात की वास आला की त्या मुलाला कायमचं काढायचं, नाहीतर आपली मुलं बिघडतील. दोन, आजवर मैदानावर मुली दिसतच नाहीत, त्यांना कसं आणायचं? आणि चौकातल्या टपरीवर काय करता येतं?

---

समुपदेशन_पुणे

सभासदांची काळजी खरी आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. काढून टाकलेला मुलगा पुन्हा भिंतीआडच बसतो आणि आता त्याच्या सोबतीला वाईट वाटून घेणारे दोन मित्र जातात. नियम असा करा: नशेत असेल त्या दिवशी खेळ नाही, मैदानावर पदार्थ आणला किंवा दुसऱ्याला दिला तर आठ दिवस खेळ नाही, पण प्रशिक्षकाला रोज येऊन भेटायचं. दोन्ही नियम सगळ्यांना सारखे, सोसायटीतल्या मुलालाही. विकणारा १८ वर्षांवरचा असेल तर तो वेगळा विषय, तिथे पोलीस.

एकत्र आलेल्या या मुलांना एकाच तुकडीत ठेवू नका. सात-आठ जणांचा घट्ट गट तसाच संघ म्हणून उतरला तर भिंतीआडचा पुढारी मैदानावरही पुढारी होतो. दोन-दोन करून वेगवेगळ्या संघांत घाला.

---

खोखो_पंच_ताई

मुलींबद्दल मी सांगते. उरलेली वेळ मुलींना द्यायची पद्धत बंद करा. आठवड्यातले तीन दिवस साडेपाचची पहिली पाळी त्यांची, फलकावर लिहून, आणि त्या वेळेत मुलगे कडेलाही बसणार नाहीत. कडेला बाक ठेवूच नका, बघ्यांमुळे मुली येत नाहीत. स्वच्छतागृह आतून कडी लागणारं, दिवा आणि पाणी असलेलं हवं. ते नसेल तर १२-१३ नंतर मुली गळतात, कारण महिन्यातले चार दिवस येता येत नाही आणि मग येणंच सुटतं. मैदानापासून गल्लीपर्यंतच्या वाटेवर दिवा नसेल तर आधी तो लावून घ्या. पहिले पंधरा दिवस बाईंनी मुलींना घरून घेऊन यायचं आणि घरी सोडायचं. आयांना खेळाचे फायदे सांगून काही होत नाही, त्यांना परत यायची वेळ सांगा आणि ती रोज पाळा.

---

वॉर्डसमिती_ठाणे

टपरीसंबंधी कायदा थोडक्यात. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातलं कलम ६: १८ खालच्याला तंबाखू विकायला कुठेही बंदी आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डात, म्हणजे ९१ मीटरच्या आसपास, विक्रीच बंद. अंतर संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने फिरून नाही. लक्षात घ्या, तुमचं मैदान शैक्षणिक संस्था नाही, त्यामुळे मैदानाच्या नावाने अर्ज केलात तर तो परत येईल. शेजारी शाळा असेल तर तिच्या मुख्याध्यापकांच्या सहीने करा. दुकानावर १८ खालच्यांना विक्री दंडनीय असल्याचा ६० × ३० सेंटीमीटरचा फलक हवा. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, ई-सिगारेट २०१९ पासून देशभर.

खरं वजन बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ ला आहे. मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तंबाखू कायद्यातल्या २०० रुपयांच्या दंडाला टपरीवाला घाबरत नाही, हे कलम छापून हातात दिलं की ऐकतो. त्याच कायद्याने व्यसनाच्या वाटेवर असलेलं मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल धरलं जातं, गुन्हेगार नव्हे. त्याचा मार्ग बालकल्याण समितीकडे जातो.

सोल्युशनची ट्यूब विकायला बंदी नाही, ती सायकल दुरुस्तीची वस्तू आहे. तिथे गोडीने बोलावं लागतं. पंक्चरवाला, हार्डवेअरवाला, स्टेशनरीवाला अशा तिघाचौघांना भेटून एवढंच ठरवा: ट्यूब गल्ल्यामागे ठेवायची, शाळकरी मुलाला सुटी विकायची नाही, सायकल आणली तर पंक्चर तिथेच काढून द्यायचं.

प्रायोजकाचंही आधीच ठरवा. स्पर्धेला पानमसाल्याच्या नावाने वेलची विकणारे बॅनर घेऊन येतात, ती पानमसाल्याचीच आडून केलेली जाहिरात असते. घेऊ नका.

---

आकडेवारी_मुंबई

आइसलँडचं उदाहरण अशा चर्चेत येतंच, म्हणून नेमकं काय झालं ते लिहितो. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेले होते, २०१६ मध्ये ५ टक्के. रोज सिगारेट ओढणारे २३ वरून ३ टक्के. लोक यातून एवढंच घेतात की त्यांनी मैदानं बांधली. त्यांनी प्रशिक्षित शिक्षक नेमले, क्लबच्या फीसाठी कुटुंबांना अनुदान दिलं, हिवाळ्यात १३ ते १६ च्या मुलांना रात्री १० नंतर एकटं बाहेर थांबायला बंदी केली, पालकांनी आपसात लेखी करार केले आणि संध्याकाळी गटाने फेऱ्या मारल्या. दरवेळी पाहणीचा निकाल काही आठवड्यांत त्या त्या शाळेला मिळायचा.

तुमच्याकडे लगेच करता येईल असं त्यातलं एक: २०-२५ पालकांनी मिळून 'शाळेच्या दिवशी मूल साडेआठला घरी' हे ठरवणं. एकट्या घराने ठरवलं तर मूल 'बाकी सगळे बाहेर असतात' म्हणतं, वीस घरांनी ठरवलं तर बाहेर कोणी नसतं.

मोजमापही ठेवा. ट्यूबा आणि पुड्या दर सोमवारी सकाळी हातमोजे घालून मोठ्यांनी मोजायच्या, फक्त भिंतीआडच्याच नाहीत, पुलाखालच्याही. मुलांकडून नाव न लिहिता चिठ्ठी, वर्षातून दोनदा, चार प्रश्न. हजेरीत एकूण आकड्यापेक्षा आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस येणारे किती, ते पाहा.

---

क्रीडाशिक्षक_सोलापूर

दोन धोके राहिले. जिंकल्यानंतरच्या पार्ट्या. सांघिक खेळात अंमली पदार्थ कमी होतात, दारू मात्र वाढू शकते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कारण मोठे खेळाडू लहानांना 'संघात घेतलं' म्हणून पाजतात. १८ वरच्यांचा सराव वेगळ्या वेळी ठेवा आणि बक्षीस समारंभ संध्याकाळी सहाला उरका, जेवणावळ मैदानावरच, पालकांसह. दुसरा धोका व्यायामशाळेचा. पुढे मुलं जिमकडे वळतात आणि तिथे रक्तदाब वाढवायच्या औषधाची इंजेक्शनं ताकदीसाठी खपवली जातात. मेफेंटरमाइन हे नाव प्रशिक्षकाला माहीत हवं. हृदयावर थेट ताण येतो.

गणपतीचे दहा दिवसही आत्ताच बोलून घ्या. मैदानावर मंडप पडला की खेळ बंद, आणि रात्री पहाऱ्याच्या नावाखाली १५-१६ ची मुलं पत्ते आणि मावा घेऊन जागतात. मंडप पुढच्या रिकाम्या पट्टीत बसत असेल तर तिथे घाला, खो-खोच्या मातीत बांबूचे खड्डे नकोत. आणि पहाऱ्याला १८ खालचं कोणी नको.

सुरुवात कशी करायची तर पहिल्या आठवड्यात फक्त कबड्डी आखा. अंतिम रेषा, राखीव पट्ट्या, मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा मिळून साधारण ११५ मीटर फक्की मारावी लागते, ५ सेंटीमीटर रुंद. निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, बोनस तिच्यापुढे १ मीटर. फक्कीसाठी चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर भाजतो. खडूची भुकटी घ्या. दोन खिळे, सुतळी, मोजपट्टी आणि तळाला भोक पाडलेला डबा एवढं लागतं. हे काम रोज पाच वाजता करावं लागतं आणि त्याला दोघं लागतात. भिंतीआड बसणाऱ्यांतल्या दोघांना बोलावून सुतळीचं एक टोक हातात द्या. रेषा वाकडी आली तर पुसून पुन्हा मारायला लावा, आणि सामना सुरू झाला की गुणफलक त्यांच्याकडेच ठेवा.